वायरीतला उशीर

“उडी मार की, दादा!”

“मारली की.”

“मारली म्हणतोस, मग गडी विहिरीत कसा?”

भरतेशदादानं रिमोट मांडीवर ठेवला आणि लॅपटॉपकडे असं बघितलं, जणू समोर कोणी खोटी साक्ष देत होतं. गडी पाण्यात पडल्यावर वाजणारा तो रडका सूर वाजला, वरच्या कोपऱ्यातला दादाचा एक जीव कमी झाला आणि स्वयंपाकघरातून त्रिशलावहिनींनी विचारलं, “परत पडलात काय?”

दादा पडला, हीच मुळात बातमी होती.

जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीत आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम एकच होता, आमच्या घरचा. कॅसेटच्या स्टिकरवर चिनी की जपानी अक्षरं होती, त्यामुळे गेमचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला ‘विहीर’ म्हणायचो, कारण तिसऱ्या टप्प्यात एक विहीर होती आणि तिच्यावर एक सरकती फळी. फळी पलीकडच्या काठाला टेकते त्याच क्षणी उडी मारायची. जरा आधी मारली तरी पाण्यात, जरा नंतर मारली तरी पाण्यात. आम्ही बाकीची पोरं तिथे खिरापत वाटावी तसे जीव वाटायचो. दादा मात्र चिंच चघळत, कोणाशी तरी गप्पा मारत पलीकडे जायचा.

दोघांना मिळूनही खेळता यायचं. प्रत्येकाला तीन जीव. आपले संपले की दोन्ही बटणं एकदम दाबायची, मग जोडीदाराचा एक जीव आपल्याकडे यायचा. “दादा, एक जीव घेऊ?” मी विचारायचो. “घे की,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा. आई आतून ओरडायची, “तिन्हीसांजेचं असलं अभद्र काय बोलताय रे!” दादानं माझा जीव कधी मागितला नाही. त्याला तशी वेळच आली नाही.

मी शीतल. आमच्याकडच्या जैन घरांत हे नाव मुलग्यांनाही ठेवतात. पुण्यात नोकरीला लागल्यापासून ‘शीतल मॅडम आहेत का’ असे फोन घ्यायची मला सवय झाली आहे. नाव शीतल असलं तरी माझ्या पायाला भिंगरी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती होईपर्यंत घास गोड लागत नाही. या हकिगतीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवाळीत माझ्या डोक्यात शिरलं होतं ते असं, की माळ्यावरचा तो जुना गेम काढायचा, दादाला खेळायला बसवायचं आणि त्याचा खेळ इंटरनेटवरून लोकांना थेट दाखवायचा. ‘सहावी गल्ली’ नावाचं चॅनेलही मी उघडून ठेवलं होतं.

ही नुसती हौस नव्हती. दादा शाळेची बस चालवायचा. मिसरूड फुटल्यापासून तो स्टिअरिंगवर होता आणि त्याच्या गाडीला कधी ओरखडा आला नव्हता. पण दिवाळीच्या सुट्टीआधी, उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता तेव्हा, सकाळच्या धुक्यात उदगावच्या वळणावर त्याची बस उसाच्या ट्रॉलीला घासली. आरसा तुटला, पत्रा चेपला, पोरांचे डबे सीटखाली गडगडत गेले. सुदैवानं कोणाला खरचटलंही नाही. “ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता,” दादा म्हणाला. सगळ्यांना पटलं, कारण उसाच्या ट्रॉलीला दिवा असला तरच आश्चर्य.

तरी काही पालकांनी चेअरमनना फोन केले. चेअरमन भला माणूस. त्यांनी दादाला बोलावून एवढंच सांगितलं, “भरतेश, सुट्टीत विश्रांती घे. सोमवारी शाळा उघडायच्या आत मला सांग, तू येणार का दुसरा माणूस बघू.” म्हणजे फैसला त्यांनी दादावरच सोडला होता.

मी मात्र नुसता पेटलो होतो. दादाच्या हाताबद्दल शंका? ज्या हातानं सगळ्या गल्लीला विहीर पार करून दिली, त्या हाताबद्दल? बघा म्हणावं मोबाइलवर, त्या पालकांनीही बघावं, हात कसा चालतो ते. हा पोरकटपणा आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण स्वस्थ बसवत नव्हतं.

आणि पहिल्याच दिवशी दादा विहिरीत पडला होता. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी.

वहिनी चिवड्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या. “नाचता येईना, अंगण वाकडं,” त्या हसत म्हणाल्या.

दादा हसला नाही. मीच उसळलो. “वहिनी, इथे अंगण खरंच वाकडं आहे! हे बघा. जुन्या गेममधून ही पिवळी पिन निघते. कॉम्प्युटरला तिची भाषा कळत नाही. म्हणून मध्ये ही डबी लावलीय. ही डबी दुभाषी. गेम बोलणार, ही ऐकणार, मग कॉम्प्युटरला सांगणार. त्यात वेळ जातो. आपण बघतोय ते चित्र शिळं असतं.”

“ताजं आणायचं मग,” वहिनी म्हणाल्या.

दादानं तोंडातला चिवडा तसाच ठेवून विचारलं, “म्हंजे मी वेळेवर दाबालोय, पण मला दिसालंय उशिरा?”

“तसंच.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय! उशीर वायरीतच आहे.”

“मग तो उशीर काढ,” दादा म्हणाला. “पहिला तो काढ. बाकीचं नंतर.”

मला तेवढंच हवं होतं. त्या डबीवर माझा आधीच राग होता. जुन्या गेममध्ये मार लागला की गडी लुकलुकतो. या डबीला ते लुकलुकणंच पकडता यायचं नाही. मार लागला की गडी पडद्यावरून पार नाहीसा व्हायचा आणि आपण रिकाम्या जागेला उड्या मारायला लावत बसायचो. “बरं हाय की,” दादा म्हणाला होता, “मार लागला की माणूस दिसायचाच बंद.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. मोटारसायकलची किल्ली दादानं माझ्या हातात दिली आणि तो मागे बसला. एरवी मी चालवायला लागलो की अंकलीच्या पुलापर्यंत शंभर चुका काढणारा माणूस, पण त्या दिवशी गप्प होता. मी तोंडानं यंत्रांची नावं जपत होतो, त्यामुळे मला ते बरंच वाटलं. दुकानदारानं पिवळ्या पिनेचं नव्या टीव्हीच्या वायरीत रूपांतर करणारा एक डबा दिला आणि त्यापुढे, चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं एक झकपक कार्ड. घरी येऊन जोडलं. चित्र लखलखीत, पण गडी ताणून लठ्ठ झालेला. दादानं फळीवर पाय ठेवला, उडीचं बटण दाबलं आणि लठ्ठ गडी डुबुक करून पाण्यात गेला.

“यातही उशीर हाय?” दादानं विचारलं.

“यात जास्तच असेल. हा डबा चित्र मोठं करत बसतो ना. आगीतून फुफाट्यात आलो आपण.”

“मग काढ की.”

तो चिडून म्हणाला नाही. विनवणी केल्यासारखा म्हणाला. मला त्याचं नवल वाटलं, पण माझं अर्धं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं. दिवसभर मी कार्डांचे व्हिडिओ बघत होतो, जेवताना बघत होतो, अंघोळीचं पाणी निवेपर्यंत बघत होतो. कोणी म्हणे हे घ्या, कोणी म्हणे ते चुकूनही घेऊ नका. सोमवार जवळ येत होता आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता.

त्याच सुमारास वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. त्या लाटत होत्या आणि लाटणं थांबवलं नाही.

“भावजी, एक विचारू? तुमचे दादा हल्ली बुशर्ट घालेनात. बघितलंत काय? टी-शर्टच घालत्यात. बटण लावताना बोटं अडत्यात त्यांची. मी लावून देते म्हटलं, तर वसकन अंगावर आले.”

“थंडी पडलीय, वहिनी. बोटं आखडतात.”

“तसंच असंल.” त्यांनी पोळी उलटली. “तुमच्या त्या डब्यात उशीर हाय म्हणता, तो खराच हाय न्हवं?”

“खराच आहे.”

“असू दे रे देवा,” वहिनी म्हणाल्या. “लई असू दे.”

यंत्रात दोष असावा म्हणून देवाला हात जोडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. मी सरळ अंगणात गेलो आणि चंद्रपूरच्या सुयोगला फोन लावला. जुने गेम दाखवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर त्याची ओळख झाली होती. तोंड कधी बघितलं नव्हतं, पण माणूस मोकळा.

“भाऊ, तुम्ही सारं उलटं करून राहिले,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पाहून खेळताच काहून? ते तं लोकायसाठी आहे. वायर वाटून द्या. एक वाट कार्डात, एक वाट जुन्या डब्बा टीव्हीत. खेळणाऱ्यानं टीव्हीकडे पाहाचं. पिक्चर ट्यूबमधी उशीर नसते. इकडे बटण दाबलं, तिकडे उडी.”

“अजिबात उशीर नाही?”

“अजिबात म्हणजे अजिबात. अन् कार्ड मी सांगतो तेच घ्या, त्याले पिवळी पिन समजते. लुकलुकणारा गडीही दिसंल. अन् एक मोबाइल हातावर लावा. बोटं दिसली का लोकायले मजा येते.”

मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो बाजेवर बसून नखं काढत होता. त्यानं नेलकटर खाली ठेवलं.

“अजिबात न्हाई?”

“अजिबात नाही.”

“मग तसंच कर,” दादा म्हणाला, आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिला.

कार्ड कुरियरनं यायचं होतं. दिवाळीमुळे ते कोल्हापुरात अडकलं, तर मी जाऊन ऑफिसातून सोडवून आणलं. टीव्ही वहिनींच्या माहेरी नांदणीला मिळाला. तिथे त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी होती. वहिनींच्या आईनं टीव्ही दिला, फुलदाणी ठेवून घेतली, आणि “काच फुटू देऊ नका, लेकाच्या लग्नातली वस्तू हाय ती” असं सांगत रुमाल मात्र वरच राहू दिला. टेम्पोत मी त्या टीव्हीला मिठी मारून बसलो होतो.

रविवार उजाडला. उद्या शाळा उघडणार होती. दुपारपर्यंत मी सगळं जोडलं. जुना गेम, त्यातून निघून दोन वाटांना फुटणारी वायर, एक टीव्हीकडे, दुसरी नव्या कार्डात आणि तिथून लॅपटॉपमध्ये. दादाच्या हातांवर मोबाइलचा कॅमेरा. गल्लीच्या ग्रुपवर मी निरोप टाकलाच होता. तो फिरत फिरत पालकांच्या ग्रुपवर गेला आणि सुरुवात व्हायच्या आधीच लोक जमायला लागले.

“दिवस मावळायच्या आत जेवायचं हाय,” वहिनींनी बजावलं. “खेळ आवरता घ्या.”

दादा बाहेर आला. अंगात बुशर्ट होता, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला. कोणी लावून दिली ते मी विचारलं नाही. तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला, पण रिमोट घेतला नाही.

“पहिला तू दाब,” तो म्हणाला. “मी बघतो.”

मी बटण दाबलं. गडी उडाला. पुन्हा दाबलं, पुन्हा उडाला. दादा एकदा माझ्या अंगठ्याकडे आणि एकदा टीव्हीकडे बघत होता.

“एकदम?”

“एकदम. बघ की, बटण आणि उडी एकच.”

“विहिरीपर्यंत जा.”

मी गेलो. फळी सरकत काठाला टेकली, मी बटण दाबलं आणि गडी पलीकडे जाऊन उभा राहिला. मी! ज्यानं अख्खं लहानपण त्या विहिरीत घालवलं, तो मी पहिल्याच दणक्यात पलीकडे! मी ओरडलोच. लॅपटॉपवर लोकांनी टाळ्या टाकल्या. मला एवढा आनंद झाला, की या गोष्टीचा दुसरा अर्थही होतो हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. दादाच्या आलं असावं. त्यानं मान हलवली आणि दुसरा रिमोट उचलला.

“आता दोघं मिळून,” तो म्हणाला.

पहिले दोन टप्पे सहज पार झाले. गडी लुकलुकत होता, चित्र सरळ होतं, आवाज स्वच्छ होता. लोक लिहीत होते, ‘पिक्चर एक नंबर’, ‘लहानपण आठवलं’, ‘काकांना नमस्कार’. मग विहीर आली. मी आधी पलीकडे गेलो. दादा फळीवर चढला. फळी सरकली, काठाला टेकली, मागे फिरली, आणि मग दादाचा गडी उडाला.

तो रडका सूर वाजला.

“सवय गेलीय तुझी,” मी म्हणालो. “परत घे.”

दादा परत फळीवर चढला. या वेळी मी टीव्हीकडे बघितलंच नाही. त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. फळी टेकल्याचा ‘टक्’ आवाज झाला. अंगठा बटणावर तसाच होता. दादाचा जबडा आवळला, मानेची शीर वर आली, आणि सगळं होऊन गेल्यावर अंगठा खाली गेला.

लॅपटॉपवर कोणी तरी लिहिलं, ‘लॅग आहे वाटतं, चित्र उशिरा येतंय.’ त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं. मी वाचलं आणि हात पुढे करून पडदा अर्धा मिटवला.

“काय लिहिलंय?” दादानं विचारलं.

“काही नाही. पोरं काहीबाही लिहितात.”

“वाच.”

“दादा, जाऊ दे ना…”

“शीतल. वाच म्हटलं न्हवं?”

मी वाचलं. “लॅग नाही. हात बघा. काका बटण उशिरा दाबतायत.”

कोण होता तो, मला अजून माहीत नाही. त्याच्या मनात काही वाईट नसणार. मी ज्या कामासाठी दिवाळीभर धावलो होतो, त्याची त्यानं फक्त पावती दिली होती.

दादा तिसऱ्यांदा फळीवर चढला. तिसऱ्यांदा पडला. मग त्यानं रिमोट खाली ठेवला, आणि मला वाटलं होतं तसा तो चिडला नाही, रडलाही नाही. निकालाची चिठ्ठी उघडून बघितल्यावर माणूस सुटतो ना, तसा सुटल्यासारखा दिसला.

“तुझं अंगण सरळ झालं बघ,” तो म्हणाला. “वायरीतला उशीर तू काढलास. आता उरला तो माझा.”

“दादा, हा खेळ आहे. खेळावरून कोणी…”

“ट्रॉलीला दिवा होता, शीतल.”

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली.

“लाल दिवा होता,” दादा म्हणाला. “मला दिसला. लांबनं दिसला. ब्रेक दाबायचं मनात आलं, आणि पाय काय हलंना. हलला, पण मागनं हलला. माझं मलाच खरं वाटंना. म्हटलं, धुकं असंल, झोप कमी झाली असंल. मग तू हा गेम आणलास आणि म्हणालास, उशीर वायरीत हाय. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, काढू दे याला. वायरीतला काढूनबी माझा गडी पडला, तर मग मला कळंल.”

मीच त्याला रोज आशा लावत होतो आणि मीच रोज ती सोलून काढत होतो, एकेक डबा, एकेक वायर. शेवटी मला काय सुचावं, तर मी म्हणालो, “दादा, माइक चालू आहे. सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. त्यांचीच पोरं हायत.”

त्यानं खिशातून बसची किल्ली काढली. बाहुबली भगवानांच्या चित्राची तिची रिंग घासून पांढरी पडली होती. किल्ली त्यानं टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर ठेवली. मग चेअरमनना फोन लावला. नंबर दाबायलाही त्याला वेळ लागत होता. मी हात पुढे केला, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं.

“साहेब, भरतेश बोलतोय. उद्यापासनं बसवर दुसरा माणूस बघा… न्हाई, न्हाई, भांडण कुणाशीच न्हाई. मिरजेला डॉक्टरांना दाखवून येतो, मग बोलू… किल्ली शीतल आणून देईल.” जरा थांबून तो म्हणाला, “उद्या सातवीतली पोरं विचारतील. त्यांना म्हणावं, काका मजेत हाय.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून त्या आत आल्या आणि दादाशेजारी जमिनीवर बसल्या. सबंध दिवाळीत गेमसमोर त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

“किती दिवस मनात धरून बसला होतात हे,” त्या म्हणाल्या. “मला तरी सांगायचं की.”

“नक्की नव्हतं ना गं.”

लॅपटॉपवर लोक लिहीत होते, भराभर, खूप. मी ते वाचलं नाही. बाहेर ऊन भिंतीवरून उतरत ओट्याच्या कडेला आलं होतं. वहिनींनी खिडकीतून बघितलं. “चला, दिवस मावळाया लागला. पानं घेते. उठा दोघंबी.”

“थांब जरा,” दादा म्हणाला. “खेळ अर्धा हाय.”

टीव्हीवर माझा गडी विहिरीपलीकडे एकटाच उभा होता. वरच्या कोपऱ्यात माझे तीन जीव, दादाच्या जागी काहीच नाही. दादानं रिमोट पुन्हा हातात घेतला. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, “शीतल, एक जीव घेऊ?”

“घे की,” मी म्हणालो.

दोन्ही बटणं एकदम दाबायची होती. एक बोट खाली गेलं, दुसरं राहिलं. मग दोन्ही वर आली आणि त्यानं पुन्हा सुरुवात केली. वहिनी पानं घ्यायला उठल्या नाहीत. मीही माझ्या रिमोटला हात लावला नाही, थांबलो. मग बटणं दाबली गेली, आणि माझ्या तिनातला एक जीव दादाकडे गेला.